मदत हवी आहे : मावसबहिणीवर अत्याचार झालाय, आधी कुठे जायचं?

रातराणी (रविवार, रात्री ११.२०)

हे तिला विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत, कृपया कुणी अंदाज बांधू नका.

माझी धाकटी मावसबहीण पुण्यात नोकरी करते. शुक्रवारी रात्री ओळखीतल्या एका माणसाने तिच्यावर बलात्कार केला. आधीच्या कंपनीतला सहकारी, तिच्या आईच्या हातचं जेवून गेलेला. काल दिवसभर ती दार लावून पडून होती. आज दुपारी मला फोन केला आणि मी संध्याकाळी पोचले. तिने बऱ्याच वेळा आंघोळ केली आहे. ते कपडे मात्र धुतलेले नाहीत, एका कॅरीबॅगमध्ये कोंबून पलंगाखाली ढकललेत.

जवळच्या एका खाजगी रुग्णालयात गेलो होतो. काउंटरवरच सांगितलं की ही पोलीस केस आहे, आधी एफआयआर आणा. ती तिथूनच मागे फिरली. आता म्हणते कुठेच जायचं नाही, आईला सांगायचं नाही आणि पोलीस तर नकोच. मला दिवस राहण्याची आणि आजारांची भीती वाटतेय. पोलिसांत न जाता उपचार मिळतात का? सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? ती आतल्या खोलीत आहे, जागीच आहे.

डॉ_माणदेशी (रात्री ११.३१)

रातराणी, आजच जा. उपचारासाठी एफआयआर लागत नाही. मी सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात आहे, आमच्याकडे बायका-मुली पोलिसांकडे न जाता थेटही येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे रुग्णालय सरकारी असो की खाजगी, बलात्कारानंतर आलेल्या बाईला ताबडतोब आणि फुकट उपचार द्यावेच लागतात. न देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या काउंटरवाल्यांना जाब विचारायचा तो पुढे विचारू. आत्ता औषधं महत्त्वाची.

शुक्रवार रात्र धरली तर ७२ तास उद्या रात्री संपतात. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं (पेप म्हणतात त्यांना) या ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि पुढे २८ दिवस रोज घ्यायची. गर्भ राहू नये म्हणून जी गोळी देतात तीही लवकर घेतली तर जास्त लागू पडते, पाच दिवसांपर्यंत देता येते. गोळीनंतर थोड्याच वेळात उलटी झाली तर तसं सांगा, पुन्हा द्यावी लागते. शिवाय कावीळ बी ची लस, लैंगिक आजारांवरची औषधं आणि जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

ससून किंवा महापालिकेचं मोठं रुग्णालय, जे जवळ पडेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा. केसपेपरच्या रांगेत सगळ्यांदेखत काही सांगायची गरज नाही. नर्सला बाजूला घेऊन म्हणा, 'लैंगिक अत्याचार झालाय, महिला डॉक्टरांशी बोलायचंय.'

कपडे धुऊ नका. प्लास्टिकमधून काढून कोऱ्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. आंघोळ केली म्हणून सगळं गेलं असं अजिबात नाही. शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतले जातात.

आता पोलिसांचं. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, हे आधीच सांगते म्हणजे तिथे पोचल्यावर तिला फसवल्यासारखं वाटणार नाही. पण कळवणं म्हणजे तिने तक्रार दिली असं होत नाही. ती सज्ञान आहे. 'मला आत्ता तक्रार द्यायची नाही' असं तिने सांगितलं की ते तसं लिहून घेतात आणि उपचार चालू राहतात. नमुने आज देऊन ठेवले तर तक्रारीचा निर्णय ती निवांत घेऊ शकते, कारण तक्रार नंतरही देता येते, नमुने नंतर मिळत नाहीत.

रातराणी (११.४५)

तुमचं लिहिलेलं तिला मोबाईलवर दाखवलं. तिने दोनदा वाचलं. विचारतेय की तपासणीत नक्की काय करतात, आणि पुरुष डॉक्टर असला तर काय.

डॉ_माणदेशी (११.५८)

तिला थेट सांगते.

बाळा, आधी तुझी संमती घेतील आणि ती वेगवेगळ्या गोष्टींसाठी वेगवेगळी असते : उपचार, तपासणी, नमुने. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं. मधेच 'थांबा' म्हणालीस तर थांबायलाच हवं. महिला डॉक्टर मिळाल्या नाहीत तर पुरुष डॉक्टर तपासतील, पण खोलीत एक बाई असलीच पाहिजे. ताईला आत घ्यायचं असेल तर तसं सांग. पोलीस मात्र तपासणीच्या खोलीत येत नाहीत, महिला पोलीससुद्धा नाही.

काय घडलं ते विचारतील. तारीख-वेळ नीट आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण, अंदाजाने भर घालू नकोस. मग अंगावर कुठे दुखतंय, खरचटलंय ते पाहतील आणि मानवी आकृतीच्या चित्रावर खुणा करतील. कापसाच्या काडीने नमुने घेतात, नखांखालचा मळ घेतात, रक्त-लघवी घेतात. खालची तपासणी गरज असेल तेवढीच. पूर्वी दोन बोटांची चाचणी म्हणून एक घाणेरडा प्रकार करायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो चुकीचा ठरवला आणि २०२२ मध्ये असं करणं हे गैरवर्तन समजलं जाईल असं सांगितलं. कुणी तसं करायला लागलं तर नको म्हणायचं. अंगावर एकही जखम सापडली नाही तरी तुझं म्हणणं खोटं ठरत नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेकींच्या अंगावर दिसण्यासारखं काही नसतं.

गोदाकाठ (रात्री १२.०६)

मी समुपदेशन केंद्रात काम करते. निघताना बरोबर घ्या : सैल सलवार-कमीज आणि आतले कपडे (अंगावरचे ठेवून घेऊ शकतात), शाल, पॅड, पाण्याची बाटली, बिस्किटं, चार्जर, आधार कार्ड. कार्ड नसलं तरी उपचार अडत नाहीत. पेपच्या गोळ्यांनी मळमळतं, रिकाम्या पोटी जाऊ नका. गाडीची सोय नसेल, किंवा तो माणूस आसपास असण्याची शंका असेल तर ११२ लावा. १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे, तिथून जवळच्या सखी केंद्राचा (अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) पत्ता मिळतो. आणि रातराणी, तिथे तिच्या वतीने तुम्ही बोलू नका. तिला बोलवत नसेल तर वेळ मागा.

रातराणी (१२.१९)

हो म्हणाली. निघतोय.

सह्यगिरी (सोमवार, सकाळी ७.०५)

मी वयाने मोठा आहे, दोन मुलींचा बाप आहे, म्हणून काळजीपोटी लिहितो. उपचार जरूर घ्या. पण पोलीस-कोर्टात पडण्याआधी शंभरदा विचार करा. मुलीचं लग्न व्हायचं आहे. शिवाय माणूस ओळखीचा, तिने आरडाओरडा केला नाही, शेजाऱ्यांना कळलं नाही, दोन दिवस गेले. कोर्टात वकील हेच विचारणार. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून त्याच्या घरच्यांना समज द्यावी हे बरं.

पारिजात_ (७.४२)

काका, तुमची काळजी खरी आहे हे कळतं. तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझ्या बाबतीत करणारा नात्यातला होता. मीही ओरडले नाही. तोंडातून आवाजच निघेना, हातपाय आपले नाहीतच असं वाटत होतं. पंख्याच्या पात्यावर धुळीची काळी रेघ होती, ती मला आजही काढून दाखवता येईल, पण खोलीत दुसरं काय होतं ते आठवत नाही. पुढे समुपदेशक ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं की जिवावर बेतल्यावर शरीर कधी पळतं, कधी लढतं आणि कधी थिजतं, आणि यातलं काय करायचं हे ठरवायला ते आपल्याला विचारत नाही. तोवर कितीतरी वर्षं मी स्वतःलाच 'ओरडली का नाहीस' विचारत होते. दुसरं कुणी विचारायची गरजच नव्हती.

वडीलधाऱ्यांनी बसून समज देण्याचा प्रकारही आमच्याकडे झाला. त्याला समज दिली आणि मला गप्प राहायला सांगितलं. तो पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात आला, वाढायला उभा राहिला. कार्यांना जाणं बंद झालं ते माझं.

रातराणी, बहिणीला सांग, एक अनोळखी ताई तिच्यावर शंभर टक्के विश्वास ठेवून आहे.

जुनी_कार्यकर्ती (८.३०)

'ओरडली नाही' याला आपल्याकडे फार मोठा इतिहास आहे, आणि तो महाराष्ट्रातला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं : भीतीने गप्प बसणं आणि संमती देणं यातला फरक न्यायालयाला दिसत नाही का? त्या पत्रानंतर मुंबईपासून दिल्लीपर्यंत बायका रस्त्यावर उतरल्या. मीही त्या मोर्च्यांत होते. १९८३ मध्ये कायदा बदलला. अत्याचार झालेल्या बाईचं नाव छापायला बंदी आणि बंद दाराआड सुनावणी, ही दोन्ही त्याच बदलातली.

आजच्या न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये सरळ लिहिलंय की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती धरता येणार नाही. सह्यगिरी, तुम्ही म्हणता तो प्रश्न वकील विचारेलही. पण त्याचं उत्तर आता कायद्यातच आहे, आणि ते तिथे यायला एका मुलीला सगळं गमवावं लागलं. आपण तरी तो प्रश्न घरात विचारू नये.

व्यवस्थापक (९.१०)

धागा चालू राहील. नाव, कंपनी, परिसर, आरोपीचं नाव, यातलं काहीही प्रतिसादात लिहू नका. अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे. एक प्रतिसाद त्यामुळे उडवला आहे.

रातराणी (सोमवार, सकाळी १०.२०)

पहाटे परत आलो. मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो होतो, कुठलं ते लिहीत नाही. निवासी डॉक्टर मुलगी होती, बहिणीच्याच वयाची असावी. तिने पडदा ओढला, स्टूल घेऊन खाली बसली आणि प्रत्येक गोष्टीआधी 'आता हात लावू का' विचारत होती. बहिणीने एका तपासणीला नको म्हटलं, तर तिने फक्त मान हलवली आणि कागदावर तसं लिहिलं. पेप सुरू झाली. गोळी दिली. नमुने दिले. तक्रारीचं 'आत्ता नाही' असं लिहून सही केली. ती आता झोपली आहे.

डॉक्टर, गोदाकाठ, पारिजात, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

रातराणी (बुधवार, रात्री ९.१५)

ती माझ्याकडे आली आहे, म्हणजे आता आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात आहोत. आज दुपारी भाजी निवडताना आपणहून म्हणाली, तक्रार द्यायची. मी काही विचारलं नव्हतं. आता पुण्याला परत जावं लागेल का? पाच दिवस झाले म्हणून घेतील ना? खर्च किती येतो?

वकील_वऱ्हाडी (९.५०)

फौजदारी वकिली करतो. सविस्तर लिहितो, घाईत काही सुटायला नको.

पुण्याला जायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. शून्य क्रमांकाने नोंदवून तो त्या ठाण्याकडे पाठवतात, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. माहिती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची आहे. जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, जवळचं माणूस किंवा सामाजिक कार्यकर्ती सोबत असू शकते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. कुणी 'आधी साधा अर्ज द्या, चौकशी करू' किंवा 'एनसी (म्हणजे अदखलपात्र नोंद) घेतो' म्हणालं तर शांतपणे सांगा की बलात्काराची माहिती न नोंदवणाऱ्या सरकारी नोकराला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली कमीत कमी सहा महिने सक्तमजुरी आहे. तरी अडलं तर पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवा, त्यापुढे न्यायदंडाधिकारी आहेतच.

पाच दिवसांनी काही बिघडत नाही. बलात्काराच्या तक्रारीला कायद्याने मुदत नाही. उशिराचं कारण विचारतील, तेव्हा खरं ते सांगायचं : धक्का, भीती, घरच्यांची लाज. अशा गुन्ह्यात घरची अब्रू आणि भीती यामुळे उशीर होतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमीत सिंग प्रकरणातच मान्य केलंय. तुमच्याकडे रुग्णालयाचे कागदही आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एफआयआर टाईप झाल्यावर अंमलदार घाईने 'इथे सही करा' म्हणतात. तिने स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचायचं. अशा कागदांत 'शरीरसंबंध ठेवले' असं छापील वाक्य पुष्कळदा येतं. जबरदस्ती झाली तर जबरदस्ती हेच लिहिलं गेलं पाहिजे, तिच्या शब्दांत. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, दार कुणी लावलं, सगळं. नंतर उलटतपासणीत याच कागदावरून तिला तासन्‌तास विचारतात. चूक दिसली तर दुरुस्त करून घ्या, रात्र झाली तरी चालेल.

पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब होईल. कलम आता १८३ आहे, पण कोर्टात सगळे अजून जुन्या क्रमांकाने '१६४ चा जबाब' म्हणतात, गोंधळू नका. तिथे पोलीस नसतात. फोनमधले मेसेज, कॉलची यादी काही पुसू नका, त्या रात्रीनंतर त्याने पाठवलेला 'सॉरी' असेल तर तोही.

खर्च : खटला सरकारी वकील चालवतात, त्याचे पैसे नाहीत. आपला वकील मदतीला देता येतो, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, त्यातली आर्थिक मदतही याच प्राधिकरणामार्फत मिळते. एफआयआरनंतर तिथे अर्ज झालाय का ते स्वतः जाऊन बघा, आपोआप होईल म्हणून बसू नका.

किती दिवस लागतील हे कुणीही खरं सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. तपास दोन महिन्यांत पूर्ण करा असं कायदा म्हणतो. खटल्याला वर्षं लागू शकतात. तारखा पडतात. हे माहीत असून तिला लढायचं असेल तर मजबूत तयारीने लढू.

रातराणी (१०.३०)

वाचून दाखवतेय. एक प्रश्न राहिला, तो वकिलांचा नाही. मावशीला कसं सांगायचं? मावशीला रक्तदाबाचा त्रास आहे. बहीण म्हणते, आई मरेल.

पारिजात_ (११.०२)

आया मरत नाहीत गं. माझी आई आधी रडली, मग माझ्यावर चिडली, मग देवघरासमोर बसून राहिली. मला वाटलं संपलं सगळं. पण सांगायचं कुणी, किती आणि केव्हा, हे बहिणीने ठरवू दे. तूच मावशीला परस्पर फोन केलास तर बहिणीच्या हातून आणखी एक गोष्ट जाईल, आणि तिच्या हातून आधीच फार गेलंय. तिला हवं असेल तर तू सांग, ती शेजारी बसेल. किंवा ती आत थांबेल. मावशीला आधीच बजाव की पहिल्या तासात एकही 'का' विचारायचा नाही. का गेलीस, का दार उघडलंस, का सांगितलं नाहीस. नंतर हवं ते बोलू दे.

नाव_नको (गुरुवार, दुपारी १.४०)

हा धागा सकाळपासून वाचतोय. पुरुषाच्या बाबतीत झालं तर कुठे जायचं? वसतिगृहात झालं होतं, मी तेव्हा एकोणीसचा होतो. आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

वकील_वऱ्हाडी (२.१५)

सांगितलंत, बरं केलंत. कायद्याची स्थिती वाईट आहे ती तशीच सांगतो. बलात्काराचं कलम फक्त बायकांसाठी आहे. जुन्या दंडविधानातलं ३७७ पुरुषांवरच्या जबरदस्तीसाठी वापरता यायचं, १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत त्याच्या जागी काहीच नाही. पण तुमची घटना त्याआधीची असेल तर जुनाच कायदा लागतो, म्हणजे दार बंद झालेलं नाही. अठराच्या आतल्या मुलग्यांना पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) पूर्ण लागू आहे. तक्रारीचा विचार असेल तर मला खाजगी निरोप पाठवा.

डॉ_माणदेशी (२.४०)

आणि उपचाराला कायद्याचं कलम लागत नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये डॉक्टरांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचना पुरुषांना आणि तृतीयपंथी व्यक्तींनाही लागू आहेत. इतक्या वर्षांनीही बोलण्याचा उपयोग होतो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर, रात्री-अपरात्री लावा, मराठीत बोलता येतं, पैसे नाहीत.

नाव_नको (३.०५)

नंबर घेतला. आभार.

मधली_सून (गुरुवार, रात्री ११.५०)

करणारा नवराच असेल तर?

गोदाकाठ (शुक्रवार, सकाळी ६.३०)

ताई, सकाळी उठल्याबरोबर तुमचंच वाचलं. बायको अठराच्या वर असेल तर नवऱ्याने केलेला बलात्कार आपला फौजदारी कायदा अजून बलात्कार मानत नाही, हे संतापजनक आहे आणि खरं आहे. पण २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा लैंगिक छळ धरतो. त्यातून संरक्षणाचा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क, पोटगी मागता येते. प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. मुंबईत असाल तर महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिलासा केंद्र आहे, सेहत संस्थेने महापालिकेबरोबर सुरू केलेलं. तपासणीला म्हणून जाता येतं, घरी काही सांगावं लागत नाही. दिवस राहिले असतील तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यापुरती नवऱ्याची जबरदस्तीही बलात्कारात धरली आहे, २४ आठवड्यांपर्यंतची सवलत तुम्हालाही आहे. नवऱ्याची सही लागत नाही. फोन त्याच्या हाती पडत असेल तर ब्राउझरमधली या पानाची नोंद (हिस्टरी) पुसून टाका. मी रोज संध्याकाळी इथे असते.

रातराणी (तीन आठवड्यांनंतर)

बरेच जण खाजगीत विचारताहेत म्हणून लिहिते. गुन्हा नोंद झाला, इथेच, झिरोने. सही करताना 'शरीरसंबंध' खरंच लिहिलेलं होतं. बहिणीनेच बोट ठेवून दाखवलं आणि बदलून घेतलं. त्या बाई अंमलदारांनी दुसऱ्यांदा पान काढलं आणि कुरकूर केली नाही. १८३ चा जबाब झाला. त्याला अटक झाली आहे. पेपचा कोर्स चालू आहे, जेवणावर वासना नाही. मावशी येऊन राहिली आहे. पहिले दोन दिवस वाईट गेले, त्याबद्दल लिहीत नाही.

झोप मात्र नाही. दाराची कडी रात्रीतून उठून उठून बघते. ऑफिसला जायचं म्हणते आणि बसस्टॉपवरून परत येते.

पंचगंगा (मानसोपचार, त्याच दिवशी)

तीन आठवड्यांत हे सगळं असणं अपेक्षितच आहे. कडी बघू द्या, अडवू नका, 'आता कशाला घाबरतेस' म्हणू नका. दिवसाला एक ठरावीक वेळ ठेवा, आंघोळ-जेवण-चालणं, आणि त्यातलं काय करायचं ते तिला निवडू द्या. घडलेलं पुन्हापुन्हा सांगायला लावू नका, ती बोलली तर ऐका. महिना उलटल्यावरही दृश्यं अचानक डोळ्यांपुढे येणं, दचकणं, झोप नसणं तसंच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, या आजारावर चांगले उपचार आहेत. आणि जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी म्हणाली तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचं, एकटं ठेवायचं नाही. रातराणी, तुम्ही किती झोपता? तुम्हालाही कुणाशी तरी बोलायला हवं.

रातराणी (दोन दिवसांनी)

आज नवीनच. त्याची आई आणि काका मावशीच्या गावी जाऊन बसले. 'मुलाचं आयुष्य बरबाद होईल, लग्न लावून देऊ, काय हवं ते सांगा.' जाताना काका म्हणाले, साक्ष देईल तेव्हा बघू. मावसोबा घाबरलेत. जामिनाचा अर्जही पडलाय म्हणे.

वकील_वऱ्हाडी (तासाभराने)

लग्नाने किंवा पैशाने हा गुन्हा आपसात मिटत नाही, कायद्यात ती सोयच नाही. त्यांना तेवढं सांगा आणि पुढे एक शब्द बोलू नका, फोनवरही नाही. साक्ष फिरवण्यासाठी धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे. मावसोबांनी आजच लेखी अर्ज द्यावा : कोण आलं, किती वाजता, काय शब्द वापरले, घरात दुसरं कोण होतं. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याचा उल्लेख करा, चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासह. एक प्रत तपास अधिकाऱ्यांना, एक सरकारी वकिलांना. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून देशभर लागू आहे, त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, तो मी तयार करून देतो.

जामिनाच्या वेळी पीडित व्यक्तीला आपलं म्हणणं मांडायचा अधिकार आहे, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट सांगितलाय. तारीख कळवा. ही धमकी त्या दिवशी न्यायाधीशांपुढे यायला हवी. बहिणीने स्वतः यायलाच पाहिजे असं नाही, वकीलपत्रावर सही पुरेल.

रातराणी (रात्री ८.४०)

मावसोबा आणि मावशी उद्या सकाळी ठाण्यात जाताहेत, अर्ज बहिणीने स्वतः लिहून दिलाय, दोन पानी. समोर किराणा दुकान आहे, त्याचा कॅमेरा चालू असतो, त्यांच्याशी बोलणं झालंय. तारीख सोमवारची आहे. तुमचा नंबर खाजगीत पाठवाल का, वकीलपत्र कसं पोचवायचं ते विचारायचंय.